धाप लागेपर्यंत

माणूस भांडतो तो छातीत वारा जास्त झाला म्हणून, असं अण्णांचं ठाम मत होतं. वारा काढून टाकला की माणूस आपोआप शहाण्यासारखं बोलायला लागतो. आणि तो वारा काढायची जागाही त्यांनी शोधून ठेवली होती. मेलुकोटे.

अण्णा म्हणजे माझे बंगळूरचे घरमालक. नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. मी एका सरकारी प्रयोगशाळेत नोकरीला लागले आणि साताऱ्याहून थेट बसवनगुडीत, त्यांच्या माडीवरच्या खोलीत राहायला आले. त्यांना नाव होतं, दारावर पाटीसुद्धा होती. पण ती कानडीत होती, आणि मला कानडी वाचता येईपर्यंत मी गल्लीतल्या सगळ्यांसारखी त्यांना अण्णाच म्हणायला लागले होते. त्यांच्या बायकोला अक्का. दोघंही मराठी. म्हणजे त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे आलं आणि परत जायचं राहून गेलं. 'राहून गेलं' हे अण्णांचेच शब्द. ऐकणाऱ्याला वाटावं, परवाच निघणार होते आणि बस चुकली.

त्यांची मराठी ऐकून पहिल्या दिवशी मी गोंधळलेच होते. खोली दाखवताना ते म्हणाले, "उजेड स्वल्प कमी आहे, वारा चेन्नाग येतं, पाणी सकाळी येतो." वारा नपुंसकलिंगी आणि पाणी पुल्लिंगी करून ते मोकळे झाले. चेन्नाग म्हणजे छान, हे मला दोन दिवसांत कळलं. स्वल्प म्हणजे थोडं, हेही कळलं. पण ते थोडं किती, हे मात्र मी तिथे राहिले तेवढी वर्षं कळलं नाही. अण्णा 'स्वल्प थांब' म्हणाले की अक्का बिनधास्त भात लावायला घ्यायच्या.

जन्मभर त्यांनी टेलिफोन खात्यात ट्रंक कॉल जोडण्याचं काम केलं होतं. लाइन लागली की नाही ते बघायला एक-दोन वाक्यं ऐकावी लागत, आणि त्या एक-दोन वाक्यांवर त्यांचं मनुष्यस्वभावाचं सगळं ज्ञान उभं होतं. टेलिफोनवर महत्त्वाचं काही बोलू नये, असं त्या ज्ञानाचं सार होतं. समोरच्याचं तोंड दिसत नाही, आणि दोघंही आपापल्या घरी आरामात बसलेले, म्हणजे दोघांच्याही छातीत वारा भरलेला. मग भांडण नाही होणार तर काय. निवृत्त झाल्यावर त्यांच्या घरी टेलिफोन होता, पण अक्कांनी विणलेल्या झालरीच्या टोपड्याखाली, देवळीत. तो वाजला की अण्णा सावकाश टोपडं काढत, त्याची घडी घालत, रिसीव्हर उचलून पलीकडचा माणूस बोलायच्या आधीच म्हणत, "बोला, ऐकू येतोय." आणि आमच्यापैकी कुणी जरा लांबलचक बोलायला लागलं की शेजारी उभे राहून खाकरत. सवयच होती त्यांना लाइन तोडायची.

कॉफी ते अर्धीच पीत. गांधीबझारच्या हॉटेलांत एक कॉफी दोघांत घ्यायची पद्धत आहे, बाय-टू म्हणतात तिला. अण्णांनी ती घरात आणली होती. एकटे असले तरी पेला भरून घेत, अर्धी पीत आणि उरलेली अर्धी झाकून ठेवत. कोण येईल म्हणून सांगता येत नाही, असं म्हणत. कुणीच आलं नाही की अर्ध्या तासाने तीच कॉफी गार झालेली, स्वतः पाहुणा असल्यासारखे, समोरच्या खुर्चीत बसून पीत. अक्का म्हणायच्या, लग्नाला इतकी वर्षं झाली पण मला अजून एकदाही पुरी कॉफी पिणारा नवरा बघायला मिळाला नाही.

पण सांगायचंय ते मेलुकोट्याचं.

मेलुकोटे हे मंड्याच्या पुढचं डोंगरावरचं जुनं देवस्थानचं गाव. सगळं गाव दगडाचं. दगडी खांबांच्या ओसऱ्या, घरांपुढे बसायला दगडी कट्टे, गल्लीत दगडी फरशा, चारी बाजूंनी दगडी मंडप असलेलं मोठं तळं, आणि त्या सगळ्याच्या वर एका उभ्या खडकाच्या टोकावर नरसिंहाचं देऊळ. तिथवर पायऱ्या आहेत. अण्णांच्या मते त्या पायऱ्या भाविकांसाठी बांधलेल्याच नाहीत. त्या भांडणाऱ्यांसाठी आहेत. खालून दोघं तावातावाने निघतात, मधल्या मंडपाशी एकाची वाचा जाते, त्यानंतर दुसऱ्याची, आणि वर पोचेपर्यंत दोघांकडे फक्त महत्त्वाचं तेवढंच बोलण्यापुरता श्वास उरतो. तेव्हा बोलावं.

हा उपाय त्यांनी कुणाकुणावर केला होता, ते अक्का मला भाजी निवडताना सांगत. अक्कांचे दोन भाऊ, एक जयनगरला आणि एक मल्लेश्वरमला. म्हातारी आई कुणाकडे राहायची यावरून ते एकमेकांचं तोंड बघत नव्हते. दोघांनाही आई हवीच होती, भांडण त्याचंच होतं. अण्णांनी एकाला दुसऱ्याचं न सांगता दोघांनाही मेलुकोट्याला नेलं. वाटेत दोघं बसच्या दोन टोकांना बसले. अण्णांनी पाण्याची बाटली एकच घेतली होती आणि ती धाकट्याकडे दिली होती. वर पोचल्यावर थोरल्याला तहान लागली. तो किती वेळ दम धरून बसला ते अण्णा दर वेळी वेगळं सांगत, पण शेवटी त्याने बाटली मागितली, धाकट्याने दिली, आणि आई सहा महिने इकडे सहा महिने तिकडे राहायला लागली. आईला मात्र कुणी विचारलं नव्हतं. ती अक्कांना म्हणाली, मला एकाच जागी राहायचं होतं, तुझ्या नवऱ्याला कुणी सांगितला होता हा शहाणपणा.

अण्णा गावाचा इतिहासही सांगत. तो त्यांचा स्वतःचा होता. मेलुकोट्यात एक अर्धवट राहिलेलं गोपूर आहे. चार प्रचंड खांब, वर काहीच नाही. ते अर्धवट का राहिलं याची निदान पाच कारणं मी त्यांच्या तोंडून ऐकली. माझ्या मैत्रिणींना नेलं तेव्हा राजाला वैराग्य आलं होतं. समोरच्या घरातलं नवीन जोडपं नेलं तेव्हा राणी रुसून माहेरी गेली होती. ज्याला जे लागू पडेल ते. ते सांगताना अण्णांच्या चेहऱ्यावर एवढा भक्तिभाव असे, की खोटं बोलतात असं म्हणायची आपल्यालाच लाज वाटावी.

आता माझं. प्रयोगशाळेत माझ्याबरोबर श्रीधर होता. शिवमोग्ग्याकडचा, कानडी. आम्ही लग्न करायचं ठरवलं आणि मी ते बाबांना टेलिफोनवर सांगितलं. अण्णांनी आधी बजावलं होतं, सांगू नकोस गे टेलिफोनवर, त्यांना इकडे बोलाव. पण मला धीर निघाला नाही. देवळीशी उभी राहून मी एका दमात सगळं सांगितलं. पलीकडे काहीच आवाज येईना. मग खट् झालं. मी अण्णांना म्हटलं, लाइन तुटली बहुतेक.

"तुटली नाही," अण्णा म्हणाले. "ठेवले त्यांनी. तुटलं की आवाज वेगळा येतो."

त्यांनी टेलिफोनला टोपडं घातलं आणि झाकून ठेवलेली अर्धी कॉफी मला दिली.

आठवड्याभराने आई-बाबा आले. बाबा साताऱ्यात शाळेत मराठी शिकवत. नुकतेच निवृत्त झाले होते, पण ते शाळेतून, चुका काढण्यातून नव्हे. वाढदिवसाच्या पत्रातसुद्धा त्यांनी माझा ऱ्हस्व-दीर्घ सोडला नव्हता. स्टेशनवर उतरल्यापासून ते माझ्याशी बोलले नाहीत. रागावून, आरडाओरडा करून नव्हे, नुसते बोलले नाहीत. काही हवं असलं की आईकडे बघून, 'हिला विचार' म्हणत.

दारात अण्णा उभे होते. मंकी कॅप, स्वेटर, हातात छत्री, घरातच. "या की, बसा की. प्रवास सगळं चेन्नाग झाली काय?"

बाबांच्या कपाळावरची शीर मला दिसली. एका वाक्यात त्यांना दोन जागी तांबडी शाई लागली होती. "प्रवास चांगला झाला," ते म्हणाले. 'झाला' वर त्यांनी जरा जोर दिला.

"चांगला झाली म्हणजे बरं झाला," अण्णा म्हणाले.

पुढचे दोन दिवस हेच चाललं. बाबा माझ्याशी बोलत नव्हते, पण अण्णांची मराठी दुरुस्त केल्याशिवाय त्यांना राहवत नव्हतं. अण्णांना त्याचा राग येत नसे. ते दुरुस्त केलेला शब्द कौतुकाने दोनदा म्हणत, मान डोलावत, आणि तिसऱ्यांदा पुन्हा मूळ पदावर येत. 'तो पाणी' म्हणू नये हे बाबांनी चार वेळा सांगितलं. अण्णा म्हणाले, अलग झालं, ते पाणी. मग अक्कांना हाक मारून म्हणाले, यांना तो ते पाणी आणून दे. यात अलग काय झालं ते बाबांनी विचारलं नाही. मलाही माहीत नव्हतं, अक्कांनाही नव्हतं.

आई मात्र अक्कांबरोबर स्वयंपाकघरात रमली होती. तिला ती भाषा ऐकताना काही होत नव्हतं. बाबांना होत होतं. रात्री जेवताना ते मान खाली घालून ऐकत, आणि अण्णांच्या प्रत्येक वाक्यागणिक त्यांचा घास लहान होत असे. ते मी पाहत होते, पण का ते मला त्या वेळी कळलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी अण्णा म्हणाले, उद्या मेलुकोटे. मला बाजूला घेऊन त्यांनी बेत सांगितला. वाटेत विषय काढायचा नाही. डोंगर चढताना काढायचा नाही. वर पोचल्यावर बाबा धापा टाकत असतील, त्या वेळी सांगायचं. मी म्हटलं, अण्णा, बाबा रोज पहाटे अजिंक्यतारा चढून येतात. गेली वीस-पंचवीस वर्षं.

"असू दे गे," अण्णा म्हणाले. "तो किल्ला. हे देवाचं डोंगर आहे."

आम्ही पाचजण पहाटेच्या बसने मंड्याला आणि तिथून दुसऱ्या बसने वर गेलो. अक्कांनी दहीभात आणि चटणीपूड बांधून घेतली होती. मेलुकोट्याचा पुळियोगरे, म्हणजे चिंचेचा भात, सगळ्या मुलखात प्रसिद्ध आहे, पण अण्णा तिथे घरचं जेवण घेऊनच जात. खरं म्हणजे तो भात ते देवळाजवळ गुपचूप उभ्या उभ्या खाऊन घेत आणि मग अक्कांसमोर बसून दहीभात खात. अक्कांना ते ठाऊक होतं. त्या दहीभात थोडाच बांधत.

गावात शिरल्यावर बाबांचा चेहरा प्रथमच जरा सैल झाला. त्यांचं आयुष्य गडकोटांवर गेलेलं, दगड बघितला की त्यांचा हात पुढे होतो. ते एका ओसरीच्या खांबाजवळ थांबले, तळवा ठेवला, अंगठ्याने सांधा चाचपला. अख्खा खांब एकाच दगडाचा होता. आपल्याकडचा दगड काळा, हा पांढरट, अंगावर रवाळ ठिपके असलेला. ओसरीवर एक म्हातारे गृहस्थ पेपर वाचत होते. त्यांनी बाबांकडे पाहून नुसती मान हलवली आणि कट्ट्यावर सरकून जागा केली. बाबा बसले. ऊन तापायला लागलं होतं, पण दगड गार होता. एका शब्दाची ओळख नसलेले ते दोघं काही वेळ तसेच शेजारी बसून राहिले. मग बाबा उठले, नमस्कार केला आणि आमच्याकडे आले. आईला म्हणाले, "घर कसं राखलंय बघ."

अर्धवट गोपुरापाशी आम्ही आलो. चार खांबांच्या मधे आभाळ होतं. मी मनात म्हटलं, आता कोणती गोष्ट येते बघू या. अण्णांनी छत्री टेकली आणि सांगितलं, दोन मुख्य पाथरवट होते, एक इकडचा एक तिकडचा. एकाची भाषा दुसऱ्याला येत नव्हती. वरच्या दगडाचं माप सांगायची वेळ आली तेव्हा कुणी कुणाकडून शिकायला तयार होईना. काम तिथेच थांबलं.

"कुठे वाचलंत हे?" बाबांनी विचारलं.

"वाचलं नाही," अण्णा म्हणाले. "सांगतोय."

आई आणि अक्का तळ्याच्या पायऱ्यांवर बसून राहिल्या. अक्कांचे गुडघे दुखत, आणि आईला त्यांच्याशी बोलायचं होतं. आम्ही तिघं डोंगराकडे निघालो. बाबांनी धोतर जरा वर खोचलं आणि चढायला लागले. पायरीकडे न बघता, हात मागे बांधून, सकाळी किल्ला चढतात तसे. अण्णा त्यांना गाठायला जोरात निघाले. आपल्याच औषधाचा गुण बघायची त्यांना घाई झाली होती. बाबांची पाठ वर वर जात होती, अण्णा वेग वाढवत होते, आणि मधूनमधून मागे वळून मला डोळ्यांनी खुणावत होते, बघ आता थांबतील. बाबा थांबले नाहीत. मधला मंडप आला तिथे अण्णाच थांबले.

प्रथम मला वाटलं नाटक करतायत. ते खांबाला धरून उभे राहिले, मग खाली बसले. मंकी कॅप काढली. चेहरा राखेसारखा झाला होता, ओठ कोरडे, आणि श्वास असा आत ओढत होते की बाहेर यायला त्याला वेळच मिळत नव्हता. छत्री पायऱ्यांवरून खाली घसरत गेली. मी ओरडून बाबांना हाक मारली.

बाबा दोन-दोन पायऱ्या उतरत आले. त्यांनी अण्णांच्या स्वेटरची बटणं काढली, मनगट हातात धरलं, त्यांना खांबाला टेकवलं. आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "ओढणी भिजव. कपाळावर ठेव."

चार दिवसांत माझ्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

मी खाली जाऊन कुणाला तरी बोलावते म्हटलं. अण्णांनी हात हलवून नको म्हणून सांगितलं. बाबा म्हणाले, थांब जरा, नाडी बरी आहे. त्यांनी अण्णांचा हात सोडला नाही. आम्ही तिघं त्या दगडी मंडपात बसलो. अण्णा डोळे मिटून श्वास घेत होते. बाबा घाबरले होते. ते घाबरले की बोलत सुटतात, हे मला लहानपणापासून माहीत होतं. ते बोलायला लागले, आणि समोरच्याला उत्तर देता येत नाही म्हणूनच असेल, जे कुणाशी बोलले नव्हते ते बोलायला लागले. मी तिथे आहे हे ते विसरले, किंवा विसरले नाहीत, मला ठाऊक नाही.

ते म्हणाले, मुलगा कोण, कुठला, कुठल्या जातीचा, यातलं मला काही खुपत नाही. लोकांना वाटतंय की तेच कारण आहे. वाटू दे. मी जन्मभर दुसऱ्यांच्या मुलांना मराठी शिकवली. उद्या हिची मुलं होतील. ती माझ्याकडे सुट्टीत येतील आणि माझ्याशी काय बोलतील? मी एखादी ओळ म्हटली तर त्यांना ती कळेल का? आणि बोललीच, तर कशी बोलतील?

इथे ते थांबले. पण वाक्य जिभेवर आलेलं होतं.

"तुमच्यासारखं बोलतील," बाबा म्हणाले.

मला वाटलं जमीन दुभंगावी. बाबांनाही तसंच वाटलं असावं, त्यांनी मान खाली घातली. अण्णांचा हात मात्र अजून त्यांच्याच हातात होता. खाली तळं दिसत होतं, आणि त्याच्या पायऱ्यांवर आई आणि अक्का, डोकी जवळ आणून बसलेल्या.

मग अण्णांनी डोळे उघडले.

"बोलतील की," ते म्हणाले. थांबले, श्वास घेतला. "तीनशे वर्षं झाली. साताऱ्यास्न कोण आला नाही आम्हाला बघायला. माझी आई बोलली म्हणून मी बोललो. तिची आई बोलली म्हणून ती. चुकलं असेल." पुन्हा श्वास. "टाकलं नाही."



"व्याकरण सांगायला आलेले तुम्हीच पहिले," अण्णा म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच तसं म्हणायचं होतं. "तिच्या मुलांना तीनशे वर्षं थांबायला लावू नका. वर्षातून एकदा या. चुका काढा. आमच्याकडे कोण नव्हता."

बाबांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि पुन्हा घातला. 'कोण नव्हता' तसंच राहिलं. त्यांनी दुरुस्त केलं नाही.

शहाण्या माणसांनी तिथूनच खाली उतरायला हवं होतं. पण अण्णांचा रंग परत आल्यावर ते म्हणाले, इथवर येऊन वर न जाणं बरं नव्हे. मी नको म्हणत होते. बाबा म्हणाले, हळूहळू जाऊ. आणि ते दोघं चढले. बाबांनी त्यांचा कोपर धरला होता, दर काही पायऱ्यांवर ते स्वतःला धाप लागल्यासारखं करून थांबत. त्यांना धाप लागली नव्हती. अण्णांनाही ते कळत होतं, पण ते दर वेळी समाधानाने मान हलवत, म्हणजे आपलं म्हणणं अखेर खरं ठरलं असं.

वर देवळाच्या कट्ट्यावर वारा होता. खाली सगळं गाव, दगडी गच्च्या, मंडप, लांबवर भाताची खाचरं. बाबा माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

"त्याला मराठी येते?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, येत नाही. 'कसं काय' आणि 'जेवलात का' एवढंच.

"ते पुरायचं नाही," बाबा म्हणाले. "वर्णमालेपासून घ्यावं लागेल."

खाली आलो तर आईने आणि अक्कांनी लग्नाचा महिना ठरवून टाकला होता. त्यांना कुणी डोंगर चढायला लावलं नव्हतं, पाण्याची बाटली एकीकडेच दिली नव्हती, काही केलं नव्हतं. आईने विचारलं होतं मुलगा कसा आहे, अक्कांनी सांगितलं होतं चांगला आहे, घरी आला की चपला नीट ठेवतो. एवढ्यावर झालं होतं. हे अण्णांना कुणी सांगू नये असं आम्हा सगळ्यांचं न बोलता ठरलं.

बंगळूरला आल्यावर डॉक्टरांनी अण्णांना डोंगर बंद केला. त्यांनी डॉक्टर बदलून पाहिला, त्यानेही बंद केला. मग त्यांनी लोकांची भांडणं मिटवायला लालबागेतला खडक धरला. तो इतका बुटका आहे की तिथे कुणालाच धाप लागत नाही, उलट वर जाऊन भुईमुगाच्या शेंगा खात लोक आणखी जोरात भांडतात. अण्णांचा तेवढ्या काळात फार नावलौकिक गेला. ते म्हणत, दगड एकच आहे, उंची स्वल्प कमी पडते.

लग्न साताऱ्यात झालं, ही बाबांची अट होती. अण्णा आणि अक्का आदल्या दिवशी सकाळी यायचे होते. अण्णांनी तोवर महाराष्ट्रात कधी पाऊल टाकलं नव्हतं. त्यांच्या घराण्यात गेल्या तीनशे वर्षांत कुणी परत गेल्याचं ऐकिवात नव्हतं, त्यामुळे निघायच्या आधी त्यांनी बसवनगुडीतल्या सगळ्या मराठी घरांत जाऊन, मी चाललो म्हणून सांगितलं होतं. कुणाचा निरोप असला तर घेतो, असंही सांगितलं होतं.

बाबा आणि मी त्यांना आणायला स्टँडवर गेलो. आम्हाला जरा उशीर झाला. पोचलो तेव्हा अण्णा बसमधून उतरून रिक्षावाल्याशी बोलत होते. नवा कोट, नवी छत्री, मागे अक्का पिशव्या सांभाळत उभ्या. अण्णा त्याला आमच्या घराचा पत्ता सांगत होते. अगदी सावकाश, एकेक शब्द जपून. मला वाटतं त्यांनी ते वाक्य प्रवासभर घोकलं असावं, कारण त्यात एकही चूक नव्हती.

रिक्षावाल्याने ऐकलं, त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, "कहाँ से आये हो चाचा? किधर जाना है?"

अण्णा गप्प झाले. मी त्यांना इतकं गप्प कधी पाहिलं नव्हतं, त्या मंडपातसुद्धा नाही. त्यांनी अक्कांकडे पाहिलं. मग पुन्हा तेच वाक्य म्हणायला तोंड उघडलं, आणि या वेळी ते त्यांच्या नेहमीच्या मराठीत आलं, सगळी लिंगं इकडची तिकडे होऊन.

मी पुढे होणार, एवढ्यात बाबा माझ्या शेजारून निघून गेले. ते रिक्षाच्या हँडलवर हात ठेवून उभे राहिले. वर्गात मागच्या बाकावरच्या पोराला उभं करायचे, त्या आवाजात म्हणाले,

"ते मराठीत बोलतायत. मराठीत उत्तर द्या."

रिक्षावाला ओशाळला. "चुकलं मास्तर," म्हणाला आणि खाली उतरून अक्कांच्या पिशव्या घेतल्या. बाबांनी अण्णांना आत बसवलं, आणि स्वतः पुढे रिक्षावाल्याच्या शेजारी बसले. कान लाल झाले होते त्यांचे.

अण्णा मात्र बाहेर बघत होते. अजिंक्यतारा दिसायला लागला तसे ते माझ्याकडे झुकले आणि बाबांना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, "तुझे बाबा चेन्नाग माणूस आहेत गे. पण स्वल्प तापट."